तानाह लोत (बाली): ओहोटीची वेळ, पोशाख, दर्शन. खान्देशातून जाणाऱ्यांसाठी

गिरणाकाठ (चाळीसगाव)
नमस्कार मंडळी. जूनअखेर सहा जणांचं बालीला जायचं ठरतंय. त्यात दोघं सत्तरीची आणि एक दहा वर्षांचा. बाकी बाली जमेल तशी होईल, पण समुद्रातलं तानाह लोतचं देऊळ नीट करायचं आहे. टूरवाल्याच्या कागदावर 'सायं. ४ ते ६ तानाह लोत' एवढंच लिहिलंय. खडकापर्यंत चालत जाता येतं का? आत दर्शन मिळतं का? नारळ, हळदकुंकू न्यावं का? आणि शाकाहारी जेवणाचं काय? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

तिथीवाले नाना (अमळनेर)
भाऊ, ४ ते ६ हा आकडा टूरवाल्याने सूर्यास्त पाहून टाकलाय, समुद्र पाहून नाही. तिथे खरा मालक समुद्र. त्याला विचारल्याशिवाय दिवस ठरवू नका.

देऊळ किनाऱ्यापासून सुटलेल्या एका खडकावर आहे. भरतीला खडक आणि किनारा यांच्यामध्ये पाणी भरतं आणि देवळाचं बेट होतं. ओहोटीला तेच पाणी उतरून खाली सपाट ओला खडक उघडा पडतो आणि त्यावरून चालत देवळाच्या पायथ्याशी जाता येतं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका ओहोटीपासून पुढची ओहोटी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच ओहोटी सुमारे ५० मिनिटं उशिरा. सात दिवसांत हा उशीर जवळजवळ सहा तासांचा होतो. म्हणजे या मंगळवारी दुपारी चारला जी वाट कोरडी असेल, ती पुढच्या मंगळवारी चारला भर पाण्याखाली. 'मागच्या आठवड्यात गेलेले लोक चालत गेले' हे ऐकून गेलेली माणसं इथेच फसतात.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण म्हणजे मोठी भरती-ओहोटी असते, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान. उधाण म्हटलं की आपल्याकडची माणसं घाबरतात. पण उधाणाला पाणी जितकं जास्त चढतं तितकंच जास्त उतरतंही. म्हणून वाट सगळ्यात रुंद उघडते ती उधाणाच्या ओहोटीला. भांगाला चढ-उतार कमी, त्यामुळे ओहोटीच्या वेळीही मधल्या खाचेत पाणी राहू शकतं.

वेळ कशी धरायची? भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटी दुपारी २ ची असेल तर साडेबाराच्या सुमारास आवारात पोचायचं, एकच्या पुढे खाली उतरायचं आणि तीनच्या आत परत काठावर यायचं. ओहोटीच्या आकड्याला निघायचं नाही. तो आकडा म्हणजे पाणी सगळ्यात खाली असण्याचा क्षण. त्याच्यानंतर ते परत यायलाच लागतं.

केळीचा घड (रावेर)
नाना, कोकणात भरतीचा हिशोब तिथीची पाऊणपट करून काढतात. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. मग दिनदर्शिका घेतली की झालं, तक्ता कशाला?

तिथीवाले नाना (अमळनेर)
पाऊणपटीचा हिशोब कोकण किनाऱ्याचा, तोही अंदाजाचा. चंद्र सगळ्यांचा एकच, पण किनाऱ्याचा आकार आणि समुद्राची खोली जागोजागी वेगळी, त्यामुळे पाणी पोचायला लागणारा वेळही वेगळा. मुंबईचा हिशोब बालीला लागेलच असं नाही. उधाण कधी, भांग कधी, एवढं तिथीवरून कळेल. तास-मिनिटं मात्र तिथल्याच तक्त्यातून घ्यायची. तानाह लोतला जवळचं बंदर बेनोआ, त्याचा तक्ता पाहा.

त्यातही एक खोच आहे. बालीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. जळगावात बसून फोनवर तक्ता उघडला तर काही अॅप आपल्या वेळेत आकडे दाखवतात, काही तिथल्या. तक्त्याच्या वर कुठली वेळ लिहिलीय ते पाहा. अडीच तासांची चूक म्हणजे कोरड्या वाटेऐवजी गुडघाभर पाणी.

पांझरेकर (धुळे)
आपल्या माणसांना नदीचं पाणी कळतं, समुद्राचं नाही, म्हणून एक भर घालतो. मुडावदला कपिलेश्वराजवळ तापी चढली की उतरायला दिवस लागतात आणि पाणी चढताना डोळ्यांना दिसतं. समुद्रात तसं नाही. पाणी उतरलेलं असतं, खडक कोरडा दिसतो आणि मध्येच एक मोठी लाट अख्ख्या खडकावरून धुऊन जाते. याचा भरती-ओहोटीशी संबंध नाही. बालीच्या या बाजूला उघडा हिंदी महासागर आहे. दूर दक्षिणेत वादळं झाली की त्यांच्या लांब लाटा इथवर येतात. मे ते सप्टेंबर त्यांचा जोर जास्त. तुम्ही नेमके त्याच काळात जाताय. म्हणून तक्ता अनुकूल असला तरी काठावर दहा-पंधरा मिनिटं थांबून लाटा बघाव्यात. मोठ्या लाटा घोळक्याने येतात आणि मधे बराच वेळ शांत असतं. त्या शांततेला भुलून खाली उतरलेली माणसं चिंब होतात किंवा पडतात. तिथले रखवालदार शिट्टी वाजवून परत बोलावतात. शिट्टी वाजली की फोटो बिटो सोडून वळायचं.

पायात अंगठ्याची रबरी चप्पल नको. खडकावर हिरवं शेवाळ असतं, त्यावर ती साबणासारखी सरकते. मागे पट्टा असलेली सँडल हवी. सत्तरीच्या माणसांना खाली उतरवायचंच असेल तर एका माणसाने हाताला धरून, तेही वाट पूर्ण कोरडी असेल तरच. वरच्या आवारातून देऊळ समोर स्पष्ट दिसतं. तिथे चालायला फरसबंद वाट आहे, झाडांची सावली आहे, बसायला जागा आहे. म्हाताऱ्या माणसांना तेच बरं.

गोमाई (शहादा)
दर्शनाबद्दल लिहिते, कारण इथे सगळ्यात जास्त गैरसमज.

खडकावरच्या पायऱ्या चढून वर देवळात जाता येत नाही. वरचा भाग तिथे पूजेला आलेल्या बाली भाविकांसाठी असतो. 'आम्हीही हिंदूच' असं दारात सांगून उपयोग नाही. तिथे धर्म विचारत नाहीत, पूजेला आलात की पाहायला, हे बघतात. ओळखीचं बाली कुटुंब सोबत असेल, पारंपरिक पोशाख असेल आणि त्यांनी पुजाऱ्याला आधी विचारलं असेल तर एखाद्या वेळी वाट निघते. नाही म्हणाले तर हुज्जत नको.

पण पायथ्याशी जे मिळतं तेही कमी नाही. खडकाच्या बुडाशी गोड्या पाण्याचा झरा आहे, चहूबाजूंनी खारं पाणी असताना. पांढऱ्या कपड्यातले पुजारी तिथे बसलेले असतात. त्यांना पेमांगकु म्हणतात. त्यांच्यासमोर वाकायचं, झऱ्याच्या पाण्याने तोंड-हात धुवायचे, ओंजळीत पाणी घेऊन तीन घोट प्यायचे. या पाण्याला ते तिर्त म्हणतात. आपलं तीर्थच. मग कपाळावर ओले तांदूळ चिकटवतात, त्याला बिजा म्हणतात, आणि कानामागे चाफ्याचं फूल खोचतात. समोर दानाचं पात्र असतं, त्यात आपल्या मनाने टाकायचं. हे झालं की पहिल्या काही पायऱ्या चढू देतात, तिथून परत.

आत गेल्यावर महादेवाची पिंड किंवा मूर्ती दिसेल अशा अपेक्षेने जाऊ नका. बाली देवळात बहुधा मूर्ती नसते. दगडी रिकामं आसन असतं आणि पूजेच्या वेळी देव तिथे उतरून बसतात असं मानतात. तानाह लोतचं दैवत समुद्राचं, म्हणजे वरुणाचं. तिथे त्याला बारुणा म्हणतात. सोळाव्या शतकात जावाहून आलेल्या निरार्थ नावाच्या आचार्यांनी हे स्थान नेमलं अशी परंपरा आहे. तानाह म्हणजे जमीन, लोत म्हणजे समुद्र.

नारळ फोडायचा नाही. कापूर पेटवायचा नाही. दगडाला हळदकुंकू लावायचं नाही. हे तीनही आपल्याकडून सवयीने होतं. काही अर्पण करायचंच असेल तर बाहेर चनांग सारी मिळते: कोवळ्या नारळाच्या पानांची चौकोनी टोपली, त्यात पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी आणि उत्तरेला निळी किंवा हिरवी फुलं. तळाशी विड्याचं पान, सुपारी आणि चुना, म्हणजे आपला विडाच. ती ठेवायची आणि उदबत्ती लावायची, बस. रस्त्यात, दुकानासमोर, पायरीवर अशा टोपल्या जागोजागी ठेवलेल्या असतात. त्या ओलांडायच्या नाहीत. मुलाला आधीच बजावून ठेवा.

वरणबट्टी (जळगाव)
गोमाई, पोशाखाचं राहिलं.

गोमाई (शहादा)
हो, लिहिते. कमरेपासून घोट्यापर्यंत गुंडाळायचं वस्त्र म्हणजे कामेन, परदेशी लोक त्याला सारोंग म्हणतात. त्यावर कमरेला पट्टा बांधायचा तो सेलेंदांग. पट्टा महत्त्वाचा. त्यांच्या समजुतीत कमरेच्या खालचं आणि वरचं यांच्यातली ती सीमा आहे, म्हणून फुलपँटवरही पट्टा बांधायला सांगतात. साडी चालते, तिच्यावरही पट्टा बांधावा. पुरुषांच्या डोक्याच्या कापडाला उदेंग म्हणतात, पण ते पूजेला बसणाऱ्यांसाठी. नुसतं पाहायला जाताना लागत नाही. तानाह लोतच्या बाहेरच्या आवारात एवढी सक्ती नसते, तरी पिशवीत प्रत्येकाचा एक कामेन आणि एक पट्टा असू द्या. दुसऱ्या देवळात लागतोच. आपलं धोतर किंवा पांढरी लुंगीही काम देते.

बायकांनी लक्षात ठेवायचं ते असं: पाळीच्या दिवसांत देवळात प्रवेश नाही आणि तशी पाटी दारात लावलेली असते. घरात मयत झालेलं असेल तरीही जायचं नाही, आपल्या सुतकासारखंच. ही पाटी पटो न पटो, तारीख निवडताना तिचा विचार करावा लागतो.

सातपुडा पायथा (यावल)
सापांचं कुणी लिहिलं नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या कपारीत पट्टेरी समुद्री साप ठेवलेले असतात. निरार्थांच्या कमरपट्ट्याचा साप झाला आणि तो देवळाची राखण करतो अशी श्रद्धा. तिथला माणूस पैसे घेऊन हात लावायला सांगतो. साप शांत असतो, पण विषारी आहे. लांबून नमस्कार करावा. पोराला तर अजिबात नको.

आणि त्या खडकाचा बराच भाग नकली आहे हे किती जणांना माहीत आहे? लाटांनी खडक झिजून ढासळायला लागला, तेव्हा १९८० नंतर जपानच्या कर्जातून डागडुजी झाली. आजचा एक तृतीयांशाहून जास्त खडक बनवलेला आहे. रंग इतका बेमालूम की सांगितल्याशिवाय कळत नाही.

वरणबट्टी (जळगाव)
जेवणाचं मी सांगते. 'व्हेज' म्हटलं की तिथे भाजी दिसली की झालं. आतला झिंग्याचा मसाला त्यांच्या हिशोबात मांसाहार नसतो. त्या मसाल्याचं नाव तेरासी. झिंगे आंबवून केलेली काळपट लगदी, आणि ती जवळजवळ प्रत्येक सांबालमध्ये म्हणजे तिखट चटणीत असते. म्हणून चार शब्द पाठ करा: तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेलुर, तान्पा तेरासी. मांस नको, मासा नको, अंडं नको, तेरासी नको. 'तान्पा' म्हणजे विना. चौथा शब्द विसरलात तर पहिल्या तिन्हींचा उपयोग नाही.

मागवायला सोपं म्हणजे गादो-गादो: उकडलेल्या भाज्या, त्यावर शेंगदाण्याचं दाट कालवण. खान्देशी जिभेला लगेच जमतं. फक्त अंडं आणि झिंग्याचे पापड वगळायला सांगा, कालवणात तेरासी आहे का तेही विचारा. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, ताहू म्हणजे सोयाबीनचं पनीर. दोन्ही तळून मिळतात. नासी गोरेंग म्हणजे परतलेला भात, त्यावर न सांगता अंडं येतं.

घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळीचे वेफर्स न्या. दशम्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्या तर दोन-तीन दिवस टिकतात, पण तिथल्या दमट हवेत बंद डब्यात बुरशी धरते. कागदात गुंडाळा. ताजी फळं, बियाणं, मांस नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

पांझरेकर (धुळे)
कागदपत्रं आणि पैसा थोडक्यात. पासपोर्टची मुदत पोचायच्या दिवसापासून सहा महिने तरी हवी. विमानतळावरचा व्हिसा ५ लाख रुपिया, ३० दिवसांचा, एकदा वाढवता येतो. ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. त्याशिवाय बालीचा वेगळा पर्यटक कर, १४ फेब्रुवारी २०२४ पासून, माणशी दीड लाख रुपिया. हे दोन वेगळे पैसे आहेत. टूरवाल्याच्या 'सगळं धरून'मध्ये दोन्ही आहेत का ते लेखी घ्या. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत आगमनाचा ऑनलाइन अर्जही भरावा लागतो.

शून्यांना घाबरू नका. शेवटचे तीन शून्य खोडा आणि उरलेल्याला साधारण साडेपाचने गुणा. तानाह लोतचं परदेशी प्रौढाचं तिकीट ७५ हजारांच्या आसपास, म्हणजे आपले चारशेच्या घरात. भाव हलतो, निघायच्या आठवड्यात परत पाहा. गल्लीतल्या पैसे बदलणाऱ्याच्या पाटीवर भाव फार चांगला दिसला तर नोटा मोजताना हातचलाखी समजा. त्याने मोजल्यावर शेवटी आपण मोजायचं आणि त्यानंतर गठ्ठा त्याच्या हातात परत द्यायचा नाही.

विमानतळापासून देऊळ ३० किलोमीटरच्या आसपास, पण वाहतुकीमुळे एक ते दीड तास धरा. परतीची गाडी फोनवर मागवायच्या भरवशावर जाऊ नका. स्थानिक चालकांची हद्द असते आणि बाहेरची गाडी तिथे प्रवासी उचलायला येत नाही. सहा माणसं आहात, दिवसभराची सात आसनी गाडी चालकासकट ठरवा.

केळीचा घड (रावेर)
स्कूटर भाड्याने घेतली तर?

पांझरेकर (धुळे)
आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून, त्यात दुचाकीचा वर्ग असेल तरच. नुसता चारचाकीचा शिक्का असला आणि अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी हात वर करते. सत्तरीच्या माणसांना घेऊन स्कूटरचा विचारच सोडा.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
भाऊ, बठ्ठं समजी गयं. टूरवाला म्हणतोय त्याच संध्याकाळी उलुवातुचा केचाक नाचही दाखवतो. जमेल का?

सातपुडा पायथा (यावल)
नाही. केचाक संध्याकाळी सहाला सुरू होतो आणि उलुवातु बालीच्या दक्षिण टोकाला. तानाह लोतहून तिथे दीड-दोन तास लागतात. दोन्ही देवळं पश्चिमेकडे तोंड करून, दोन्हीकडे सूर्यास्ताची गर्दी. एका संध्याकाळी एकच. उलुवातुचं देऊळ सुमारे ७० मीटर उंच कड्यावर आहे. तिथे भरती-ओहोटीचा प्रश्नच नाही, म्हणून ते कुठल्याही दिवशी बसतं. आधी तानाह लोतचा दिवस ओहोटी पाहून पक्का करा, उलुवातु उरलेल्या दिवसात टाका. तिथली माकडं चष्मा, टोपी, मोबाइल हिसकावतात आणि खायला दिल्यावर सोडतात. चष्म्याला दोरी बांधा.

तिथीवाले नाना (अमळनेर)
सूर्यास्त आणि चालत जाणं, दोन्ही एका खेपेत हवं असेल तर ओहोटी दुपारी उशिराची लागते. बालीत वर्षभर सूर्य सहा ते पावणेसातच्या दरम्यान मावळतो, जूनमध्ये सहाच्या जवळ. एका ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी दर खेपेला साधारण त्याच प्रहराला येते, म्हणून बेनोआच्या तक्त्यात दोन महिने मागे-पुढे पाहिलंत की कुठल्या तिथींना दुपारची ओहोटी सापडते ते आपोआप दिसेल. नाही जमलं तर दोनदा जायची तयारी ठेवा, किंवा सकाळच्या ओहोटीला जा. सकाळी गर्दी कमी, पुजारी निवांत, ऊनही सौम्य.

आता तारखेची गोष्ट, कारण तुम्ही जूनअखेर म्हणताय. बाली पंचांगात २१० दिवसांचं एक चक्र असतं आणि बहुतेक देवळांचा वर्धापन उत्सव त्यावर येतो. त्याला पिओदालान म्हणतात. गालुंगान हा मोठा सण, त्यानंतर दहा दिवसांनी कुनिंगान, आणि कुनिंगाननंतरच्या बुधवारी तानाह लोतचा उत्सव. २०२६ मध्ये गालुंगान १७ जूनला, कुनिंगान २७ जूनला, म्हणजे तानाह लोतचा उत्सव १ जुलैला.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
अरे वा! मग १ जुलैच धरावी का?

गोमाई (शहादा)
पाहायला सुंदर. डोक्यावर फळांचे उंच रचलेले नैवेद्य घेऊन बायका ओळीने खडकाकडे जातात. पण त्या दिवशी वाट भाविकांची. रस्त्यात गाड्यांच्या रांगा आणि पायथ्याच्या तीर्थाला तुम्हाला जागा मिळेलच असं नाही. म्हाताऱ्यांना घेऊन असाल तर उत्सव वरून बघा आणि तीर्थासाठी दुसरा दिवस ठेवा. प्रार्थना करणाऱ्यांच्या समोरून जायचं नाही, पुजारी बसलेला असताना त्याच्यापेक्षा उंच जागी उभं राहायचं नाही.

तिथीवाले नाना (अमळनेर)
आणि २९ जूनला आपली वटपौर्णिमा. या वर्षी ज्येष्ठ अधिक आल्यामुळे ती इतकी उशिरा. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. म्हणजे १ जुलैला उधाण चांगलं असणार: ओहोटीला वाट मोकळी, पण भरतीला पाणीही तेवढंच वर. ३० जून ते ३ जुलै यांतले दोन दिवस तानाह लोतसाठी मोकळे ठेवा.

केळीचा घड (रावेर)
नाना, त्यांचा पाडवा आपल्यासारखाच असतो म्हणे?

तिथीवाले नाना (अमळनेर)
त्याचं नाव न्येपी. शकही आपलाच, शालिवाहन. २०२६ मध्ये १९ मार्चला इथे गुढी आणि तिथे न्येपी, दोन्हीकडे शके १९४८. दर वर्षी जुळत नाही. २०२४ ला ते ११ मार्चला होते, आपण ९ एप्रिलला. आपण गुढी उभारतो, ते २४ तास घराबाहेर पडत नाहीत, दिवा लावत नाहीत. विमानतळसुद्धा बंद. मार्चमध्ये जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी ती तारीख पाहावी, कारण त्या दिवशी पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवारातच राहावं लागतं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
टूरवाल्याला ४ ते ६ खोडून बेनोआचा तक्ता पाठवलाय. तीर्थाचं पाणी बाटलीत भरून घरी आणता येतं का?

गोमाई (शहादा)
पुजाऱ्याला विचारून छोट्या बाटलीत घ्या. विमानात सोबतच्या पिशवीत १०० मिलीलीटरपेक्षा मोठी बाटली नको, तपासणीत काढून टाकतात. मोठी असेल तर झाकण चिकटपट्टीने बंद करून मोठ्या सामानात घाला. पाणी प्यायला नको, देव्हाऱ्यात ठेवा.